भूदास, वेठ आणि बांधलेली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरंजामशाही म्हटलं की डोळ्यांसमोर गढी, चाबूक आणि मिशीला पीळ देणारा जमीनदार उभा राहतो. मराठी सिनेमानं ती सोय करून ठेवली आहे. युरोपातल्या भूदासाला मात्र चाबकापेक्षा हिशेबाच्या वहीनं जास्त जखडलं होतं. खालची उत्तरं मुख्यतः इंग्लंड आणि रशिया या दोन देशांच्या आधारे दिली आहेत. एका देशात ही प्रथा विरत गेली, दुसऱ्यात ती त्यानंतर घट्ट होत गेली, आणि या उलटसुलट प्रवासातच तिचं मर्म सापडतं. आपल्याकडचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

भूदास म्हणजे नेमकं कोण?

दुसऱ्याच्या जमिनीवर राहून ती कसणारा, त्याबद्दल धन्याला ठरावीक सेवा देणारा आणि स्वतःच्या मर्जीनं ही स्थिती बदलू न शकणारा माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या १९५६ च्या गुलामगिरीविषयक पूरक करारात भूदासत्वाची व्याख्या साधारण अशीच केली आहे. मोबदला मिळतो की नाही याला तिथे महत्त्व नाही. घर आहे, बैल आहेत, दोन वेळा पोट भरतं, म्हणून माणूस मोकळा ठरत नाही.

कूळही खंड भरतं, पण कुळाला जमीन सोडून जाता येतं. भूदासाला जाता येत नाही. आणि त्याची तक्रार जिथे चालायची ती कचेरी बहुधा धन्याचीच असते. एखाद्या ठिकाणची माणसं भूदास होती की नाही हे ठरवताना मी आधी या दोन गोष्टी पाहतो. मारझोड, उपासमार, अपमान हे सगळं नंतर.

मग गुलाम आणि भूदास यांत फरक काय?

गुलाम वस्तूसारखा विकता येतो आणि त्याच्या नावावर काहीच नसतं. भूदासाकडे घर, परसू, गावच्या शिवारात पट्टे आणि गुरंढोरं असत. जमीन विकली गेली की तो जमिनीसकट नव्या धन्याकडे जाई. गावच्या वहिवाटीचा त्याला थोडाफार आधारही होता.

१०८६ मध्ये विजेत्या विल्यम राजानं इंग्लंडची गाववार पाहणी करून घेतली. तिला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात गुलामांची वेगळी मोजदाद आहे: सुमारे २८ हजार, म्हणजे नोंदलेल्या माणसांपैकी साधारण दहा टक्के. पुढच्या शंभरेक वर्षांत गुलाम हा वर्ग इंग्लंडच्या कागदांतून नाहीसा झाला. यात धर्माचा वाटा होता. ११०२ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेनं माणसं जनावरांसारखी विकण्याचा निषेध केला होता. पण त्याहून मोठा वाटा हिशेबाचा असावा. गुलामाला बाराही महिने पोसावं लागतं. त्यालाच जमिनीचा तुकडा दिला की तो आपलं पोट आपण भरतो आणि वर धन्याच्या शेतात राबतो.

मध्ययुगातले सगळे शेतकरी भूदास होते का?

नाही. इंग्लंडच्या पूर्व भागात मोकळे शेतकरी बरेच होते. इटलीतल्या शहरांभोवती ही प्रथा लवकर सैल पडली. एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक मोकळा आणि एक भूदास असंही असे, आणि कधीकधी त्यातला भूदासच जास्त खाऊनपिऊन सुखी असे. दर्जा आणि दारिद्र्य यांची गल्लत करू नये.

माणूस भूदास व्हायचा कसा?

बहुतेक जण जन्मानंच. बाकीच्यांच्या वाटा वेगवेगळ्या होत्या. कुणी दुष्काळात किंवा लुटालुटीच्या काळात जमीन धन्याच्या पायाशी घालून आसरा घेतला. कुणी कर्जात बुडाला. कुणाचे आजे-पणजे गुलाम होते. मोकळ्या माणसानं भूदासाच्या वाट्याची जमीन घेतली तर तिच्यावरची वेठही त्याच्या गळ्यात पडे, आणि दोन पिढ्यांनी त्याच्या नातवाला आपण मोकळ्या घरातले आहोत हे न्यायालयात सिद्ध करणं जड जाई. इंग्लंडच्या न्यायालयांत असे वाद खूप चालले. पुरावा म्हणून नातेवाईक उभे केले जात: हा माझा चुलता, हा मोकळा, म्हणून मीही मोकळा. दुसरी बाजू त्याच घराण्यातला एखादा भूदास शोधून हजर करी.

धन्याला नेमकं काय काय द्यावं लागे?

तेराव्या शतकातलं इंग्लंड घेऊ. सुमारे तीस एकरांचा पूर्ण वाटा असलेलं एक घर धरा.

आठवड्याला दोन ते तीन दिवस धन्याच्या खासगी शेतीवर काम. नांगरट, कोळपणी, खत वाहणं, कुंपण घालणं. सुगीत याशिवाय जादा दिवस, आणि तेही नेमके स्वतःचं पीक उभं असताना. या जादा दिवसांचं जेवण धन्याकडून मिळे. पण त्यातही प्रती होत्या: जवाची दारू मिळणारा दिवस वेगळा, नुसत्या पाण्यावर भागवायचा दिवस वेगळा, आणि काहीच न मिळणारा 'उपाशी' दिवस वेगळा. तिन्हींना स्वतंत्र नावं होती आणि कुठल्या दिवशी काय मिळणार यावर भांडणंही होत. कामाचा हा बोजा घरावर असे, माणसावर नसे. त्यामुळे बऱ्या स्थितीतला भूदास स्वतः न जाता एखाद्या भूमिहीनाला किंवा धाकट्या भावाला पाठवी.

मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे. मुलगी गावाबाहेर द्यायची तर जास्त, कारण तिच्यासोबत तिची पुढची पिढीही धन्याच्या हातून जाणार. मुलाला धर्मगुरू होण्यासाठी शिकायला पाठवायचं तर परवानगी. दुसऱ्या गावी राहायचं तर दरसाल थोडे पैसे किंवा कोंबड्या, म्हणजे 'मी अजून तुमचाच आहे' याची कबुली. अधूनमधून धन्याच्या मर्जीची पट्टी. चर्चचा दशांश आणखी वेगळा.

आणि मग मरण. घरचा कर्ता गेला की धन्याचा माणूस येऊन गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर सोडून नेई. त्याच्या मागून चर्च, दुसऱ्या क्रमांकाच्या जनावरासाठी. उरलेल्या गुरांवर नांगर चालवायचा आणि बापाची जमीन स्वतःच्या नावे करून घेण्यासाठी मुलानं पुन्हा नजराणा भरायचा. बैलजोडीतला एक बैल गेला तर पेरणीचं काय होतं हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

त्या काळचा कायदेपंडित ब्रॅक्टन यानं भूदासाच्या सेवेची एक खूण सांगितली आहे: सकाळी कोणतं काम करावं लागेल हे आदल्या संध्याकाळी त्याला माहीत नसतं. प्रत्यक्षात बहुतेक गावांत वहिवाट ठरलेली होती आणि धन्याला तिच्याबाहेर जाणं सोपं नव्हतं. तरी कायद्याचा मूळ भाव ब्रॅक्टननं बरोबर पकडला होता.

दळण धन्याच्याच गिरणीत का न्यावं लागे?

कारण गिरणी हा धन्याचा मक्ता होता. दळणातला काही हिस्सा धान्याच्या रूपानं गिरणीत ठेवून यावा लागे. घरी जातं असेल तर ते चोरटं मानलं जाई.

सेंट ऑल्बन्स इथल्या मठाची हकिगत सांगण्यासारखी आहे. तिथला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड मोठा गणिती होता, त्याचं खगोलीय घड्याळ प्रसिद्ध आहे. १३३० च्या सुमारास त्यानं लोकांच्या घरोघरची दळणाची जाती जप्त केली आणि त्यांच्या दगडांची मठाच्या एका दालनात फरसबंदी करून टाकली. रोज त्या दगडांवरून भिक्षूंनी चालायचं आणि कामासाठी मठात आलेल्या गावकऱ्यांनी ते पाहायचं. पन्नास वर्षं ते दगड तिथे होते. १३८१ च्या बंडात लोक मठात घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि प्रत्येकाला एकेक तुकडा वाटला. त्याच मठातल्या इतिवृत्तकारानं चिडून लिहून ठेवलंय की रविवारी चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे ते तुकडे वाटले गेले. जात्यांचा हा राग घरातल्या दोन म्हाताऱ्या पिढ्यांनी जपून ठेवला असणार.

पगार देऊन मजूर ठेवायला काय अडचण होती?

सुरुवातीच्या शतकांत दोन अडचणी होत्या. नाणं कमी होतं आणि माणसं कमी होती. मोकळी जमीन पडलेली असताना दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायला कोण जाईल? म्हणून माणसाला जमिनीला बांधायचं.

तेराव्या शतकात इंग्लंडची लोकसंख्या वाढली, मजूर स्वस्त झाला, आणि अनेक धन्यांनी वेठीचे दिवस पैशात बदलून घेतले. भूदासानं पैसे भरायचे आणि त्या पैशांतून धन्यानं मजूर लावायचा. वेठ गेली पण भूदासाचा दर्जा तसाच राहिला: लग्नाचा नजराणा, मरणाचं जनावर, गाव सोडायला बंदी हे काही सुटलं नाही. म्हणून 'वेठ म्हणजेच भूदासप्रथा' हे समीकरण अपुरं आहे.

बदल्यात धनी संरक्षण देत होता ना?

देत होता, मुख्यतः शेजारच्या धन्यापासून. दहाव्या शतकात, वायकिंग आणि मग्यार या लुटारू टोळ्या फिरत असताना, या सौद्याला काही अर्थ होता. पुढे राजसत्ता स्थिर झाली, टोळ्या थांबल्या, नजराणे चालूच राहिले. 'परस्परांची कर्तव्यं' ही भाषा शालेय पुस्तकांत गोड वाटते; पण एका पक्षाला करार मोडून जाण्याची मुभाच नसेल तर त्याला करार म्हणायला मी तयार नाही.

'पहिल्या रात्रीचा हक्क' खरंच होता का?

हा प्रश्न हमखास येतो. कायद्यानं मान्य केलेला, सर्रास बजावला जाणारा असा हक्क मध्ययुगीन दप्तरांत सापडत नाही. दप्तरांत दिसतो तो लग्नाचा नजराणा. स्पेनमधल्या कॅटलोनियात मात्र या गोष्टीचा उल्लेख आहे. तिथल्या भूदासांनी १४६२ च्या आपल्या गाऱ्हाण्यांत ती मांडली, जमीनदारांनी 'असं काही आम्हाला ठाऊक नाही' म्हणून हात झटकले, आणि १४८६ च्या ग्वादालुपे निवाड्यात राजा फर्डिनंडनं ती स्पष्ट शब्दांत बंद केली.

हक्क नव्हता म्हणून बायका सुरक्षित होत्या असं समजू नये. घरकामाला ठेवलेल्या भूदास मुलींवर धन्याची जबरदस्ती व्हायला कुठल्या कलमाची गरज नव्हती. रशियातल्या आठवणींत आणि खटल्यांत याचे दाखले भरपूर आहेत.

पळून गेलं तर?

पश्चिम युरोपातल्या बऱ्याच शहरांत एक वर्ष आणि एक दिवस कुणी दावा न करता काढला तर माणूस मोकळा मानला जाई. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात शहरात ओळख लागे, कारागिरांच्या संघटनेत शिरकाव लागे, आणि गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे धनी वसुलीला जाई तो वेगळाच.

रशियात शेतकऱ्याला निघून जायची एक ठरलेली वेळ होती: २६ नोव्हेंबरच्या संत युरीच्या सणाआधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक. १४९७ च्या संहितेनं हा नियम देशभर केला. पीक घरात आलेलं, देणं फेडून निघायला हीच वेळ बरी. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल संपतं आणि तो धनी बदलू शकतो, तसंच काहीसं. १५८० च्या दशकात 'बंदीची वर्षं' जाहीर होऊ लागली आणि त्या वर्षांत युरीचा दिवसही बंद झाला. १५९७ मध्ये पळालेल्यांचा पाच वर्षांपर्यंत शोध घेण्याची मुभा धन्यांना मिळाली. १६४९ च्या कायदेसंहितेनं ती मुदतही काढून टाकली. आता पळालेला माणूस, त्याची बायको, त्याची मुलं, कधीही सापडली तरी परत. रशियन बोलीत फजिती झालेला माणूस आजही म्हणतो, 'घ्या आजी, हा तुमचा युरीचा दिवस!'

प्लेगनं भूदासप्रथा संपवली, हे खरं का?

अर्धं खरं. १३४८-४९ च्या साथीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. जगलेल्या मजुराचा भाव वधारला. धन्यांनी यावर कायद्याचा बडगा उगारला: १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा मजूर कायदा. मजुरी साथीच्या आधीच्या दरानंच घ्यायची आणि काम नाकारायचं नाही.

१३८१ मध्ये डोईपट्टीच्या निमित्तानं केंट आणि एसेक्स पेटलं. १४ जूनला लंडनबाहेर माइल एंड इथे चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड बंडखोरांना भेटला. मागण्या साध्या होत्या: कुणी कुणाचा भूदास असू नये आणि जमिनीचा खंड एकरी चार पेन्स असावा. राजानं तिथल्या तिथे सनदा लिहून द्यायला लावल्या. दुसऱ्याच दिवशी बंडाचा म्होरक्या वॉट टायलर मारला गेला, आणि जुलै उजाडताच सनदा रद्द झाल्या. तुम्ही भूदास होता आणि भूदासच राहाल, असं राजा म्हणाल्याचं इतिवृत्तात आहे. बंडखोरांनी जागोजागी धन्यांच्या कचेऱ्यांची दप्तरं जाळली होती. आपली बेडी कुठल्या कपाटात ठेवली आहे याची त्यांना पक्की माहिती होती.

बंड चिरडलं गेलं, तरी पुढच्या शंभर वर्षांत इंग्लंडमधली भूदासप्रथा विरली. एकट्या धन्याला आपला माणूस हवा होता, पण शेजारच्या धन्यालाही माणूस हवा होता आणि तो पळून आलेल्याला काही न विचारता जमीन देत होता. धन्यांची एकजूट कागदावर होती, शेतात नव्हती. १५७४ मध्ये पहिल्या एलिझाबेथनं राजघराण्याच्या जमिनीवरच्या उरल्यासुरल्या भूदासांना पैसे घेऊन मोकळं करण्याचा हुकूम काढला, तोवर ते मूठभरच राहिले होते.

मग पूर्व युरोपात उलटं कसं झालं?

माणसांचा तुटवडा तिथेही होता, जमीन तर आणखी मुबलक होती. अर्थतज्ज्ञ एव्हसी डोमार यांनी १९७० मध्ये एक नेटकी मांडणी केली: मोकळी जमीन, मोकळा शेतकरी आणि काम न करणारा जमीनदार, या तिघांपैकी कुठलेही दोनच एकत्र नांदू शकतात. जमीन मोकळी पडली असेल तर जमीनदाराला एकच उपाय, शेतकऱ्याला बांधणं. पण मग प्लेगनंतरचं इंग्लंडही बांधलं जायला हवं होतं. डोमार यांनाही ही अडचण ठाऊक होती. उत्तर सत्तेत आहे. तुटवड्यानं धन्याला बांधण्याची इच्छा होते. ती पुरी करायला पळालेल्याला परत आणणारं सरकार लागतं.

पोलंडमध्ये ते सरकार म्हणजे जमीनदारांचीच सभा होती. विस्तुला नदीवरून राय आणि गहू ग्दान्स्क बंदरात जाई, तिथून डच जहाजांनी अॅम्स्टरडॅमला. पश्चिमेकडे धान्याला भाव होता. १५२० मध्ये पोलंडच्या कायद्यानं आठवड्याला किमान एक दिवस वेठ ठरवली. पुढच्या शतकात अनेक ठिकाणी ती तीन दिवसांवर आणि त्याहून वर गेली. म्हणजे बाजारपेठ आली की माणूस मोकळा होतो, हा सोपा सिद्धांत इथे आडवा होतो. अॅम्स्टरडॅमच्या बाजारानंच पोलिश शेतकऱ्याच्या मानेवर जू ठेवलं.

रशियातला भूदास गुलामच नव्हता का?

अठराव्या शतकात फरक फार उरला नव्हता. कायद्याच्या पुस्तकात तो जमिनीला बांधलेला. व्यवहारात तो जमिनीशिवाय विकला जाई, जुगारात हरला जाई, गहाण पडे. झार पीटरनं १७२१ मध्ये सुट्या माणसांच्या विक्रीबद्दल नापसंती दाखवली, उपयोग झाला नाही. वर्तमानपत्रांत विक्रीच्या जाहिराती येत. १८०१ मध्ये पहिल्या अलेक्झांडरनं त्या बंद केल्या, पण विक्री चालूच राहिली. १८५९ पर्यंत खासगी भूदासांपैकी सुमारे दोन तृतीयांश सरकारी पतसंस्थांकडे गहाण होते.

दार्या साल्तिकोवा या जमीनदारणीचं प्रकरण पाहा. तिच्या मारहाणीत भूदास, मुख्यतः बायका आणि मुली, मरत होत्या. तक्रारी होत होत्या, अधिकारी दाबत होते. १७६२ मध्ये बायका गमावलेल्या दोन भूदासांनी आपला अर्ज थेट सम्राज्ञी कॅथरीनपर्यंत पोचवला. चौकशी सहा वर्षं चालली. १७६८ मध्ये ३८ जणांच्या मृत्यूबद्दल ती दोषी ठरली. तिला मॉस्कोच्या चौकात तासभर उभं करून मग मठाच्या तळघरात कोंडलं. न्याय झाला असं वाटतं. पण चौकशी चालू असतानाच, ऑगस्ट १७६७ मध्ये, याच कॅथरीननं भूदासांनी धन्याविरुद्ध सम्राज्ञीकडे तक्रार करणं हा गुन्हा ठरवला. त्या दोघांनी ज्या वाटेनं अर्ज नेला ती वाट पुढच्यांसाठी बंद झाली.

दुसरं टोक शेरेमेत्येव घराण्याचं. दोन लाखांच्या आसपास भूदास पदरी असलेल्या या घराण्याचं स्वतःचं नाटकगृह होतं आणि नट-गायक भूदासांतूनच तयार केले जात. गायिका प्रास्कोव्या झेमचुगोवा तिथलीच. काउंट निकोलायनं तिला मुक्त करून १८०१ मध्ये गुपचूप तिच्याशी लग्न केलं. युक्रेनचा कवी तारास शेवचेन्को हाही जन्मानं भूदास. १८३८ मध्ये चित्रकार ब्र्युलोव्हनं काढलेल्या एका व्यक्तिचित्राची सोडत काढून हितचिंतकांनी २५०० रुबल उभे केले आणि त्याला सोडवलं. चोवीस वर्षांच्या माणसाची ती किंमत.

भूदासांना मुक्ती कधी मिळाली?

कॅटलोनियात १४८६ मध्ये, बंडानंतर आणि भरपाई देऊन. फ्रान्समध्ये तुरळक अवशेष उरले होते, ते ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सुरू झालेल्या कायद्यांनी गेले. प्रशियात १८०७ चा हुकूम, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १७८१ आणि मग १८४८.

रशियात १९ फेब्रुवारी १८६१ रोजी (जुन्या पंचांगानं) दुसऱ्या अलेक्झांडरनं जाहीरनाम्यावर सही केली. सुमारे सव्वादोन कोटी माणसं, साम्राज्याच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त. अटी वाचल्या की उत्साह ओसरतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन विकत घ्यायची. बहुतांश रक्कम सरकार जमीनदाराला देणार, आणि शेतकऱ्यांनी ती सरकारला ४९ वर्षं दरसाल सहा टक्क्यांनी फेडायची. अनेक सुपीक प्रांतांत आधी कसत असलेल्या जमिनीतलाच काही भाग कापून धन्याकडे ठेवला गेला. घरगड्यांना जमीनच नाही. हप्त्यांची जबाबदारी सगळ्या गावावर सामाईक, म्हणून गाव कुणाला सहज जाऊ देईना. हप्ते माफ झाले ते १९०५ च्या क्रांतीच्या धक्क्यानं, १९०७ पासून.

लोकांना हे पटेचना की झारनं दिलेलं स्वातंत्र्य असं असेल. कझान प्रांतातल्या बेझ्दना गावी आंतोन पेत्रोव्ह नावाचा थोडंफार वाचता येणारा शेतकरी होता. त्यानं तो जाडजूड कायदा उलटापालटा केला आणि छापील शून्यांच्या खुणांत त्याला 'खरं स्वातंत्र्य' सापडलं. आजूबाजूच्या गावांतून हजारो लोक ऐकायला जमले. एप्रिलमध्ये फौजेनं गोळीबार केला. पन्नासहून जास्त माणसं मेली. पेत्रोव्हला गोळ्या घालून ठार केलं.

शेतीबाहेरही माणसं अशी बांधलेली होती का?

होती. स्कॉटलंडमध्ये भूदासप्रथा मध्ययुगातच सरली होती, पण १६०६ च्या कायद्यानं कोळसा-खाणकामगार आणि मीठ पिकवणारे मालकाला बांधले गेले. बारशाच्या वेळी मालकानं बापाच्या हातावर भेट ठेवली की मूलही खाणीला बांधलं गेलं असा रिवाज होता. १७७५ आणि १७९९ च्या कायद्यांनी ते सुटले. म्हणजे अॅडम स्मिथ ग्लासगोत शिकवत होता तेव्हा त्याच्या चुलीतला कोळसा बांधलेल्या माणसांनी काढलेला होता.

आपल्याकडे भूदास होते का?

यावर इतिहासकारांत दीर्घ वाद झाला आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५० च्या दशकात 'वरून' (राजानं सामंतांना हक्क देऊन) आणि 'खालून' (गावातूनच जमीनदार उभे राहून) आलेल्या सरंजामशाहीची कल्पना मांडली. रामशरण शर्मा यांनी ताम्रपटांच्या आधारे ती वेगळ्या दिशेनं नेली. हरबन्स मुखिया यांनी १९७९ मध्ये उलट प्रश्न केला: इथला शेतकरी आपल्या शेतीचा क्रम स्वतः ठरवत होता, मग युरोपची चौकट कशाला?

वेठ इथे जुनीच. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला 'सर्व विष्टी'तून, म्हणजे सगळ्या वेठीतून, सूट दिलेली आढळते. सूट द्यावी लागते म्हणजे इतरत्र ती घेतली जात होती. मराठेशाहीतला सरंजामदार मात्र युरोपच्या धन्यासारखा नव्हता. त्याला फौज बाळगण्यासाठी गावाचा महसूल तोडून दिलेला असे. जमिनीवर मिरासदाराचा वंशपरंपरेचा हक्क होता, आणि उपरी, म्हणजे असा हक्क नसलेला बाहेरचा शेतकरी, तर गाव बदलू शकत होता. दुष्काळानं किंवा स्वारीनं गाव ओस पडलं की कौल, म्हणजे सवलतीचं लेखी वचन, देऊन रयत बोलावली जाई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग इस्तावा, म्हणजे दरसाल चढत जाणारा सारा. माणसांचा तुटवडा इथेही होताच. पण पळालेल्या रयतेला बळानं परत आणणारी एकसंध सत्ता नव्हती, शेजारच्या मुलखाचा कारभारीही कौल घेऊन बसलेला होता. प्लेगनंतरच्या इंग्लंडशी हे जास्त जुळतं.

मग महारकी आणि वेठबिगारी यांना काय म्हणायचं?

इथे 'रयत मोकळी होती' हे वाक्य तोकडं पडतं. महार वतनात जन्मानं गळ्यात पडलेली सेवा होती: सरकारी टपाल पोचवणं, अधिकाऱ्यांचं ओझं वाहणं, हद्दीच्या वादात साक्ष देणं, मेलेलं जनावर ओढणं. तासांना मर्यादा नाही, घरातला कर्ता नसेल तर दुसऱ्यानं जायचं. बदल्यात इनामाचा तुकडा आणि बलुतं. डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. आंबेडकरांचा रोख नेमका होता. जमिनीच्या तुकड्याच्या आशेनं माणसं वतन सोडत नाहीत आणि वतनामुळे गावाची ताबेदारी सुटत नाही. ही वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडावं लागलं. याला भूदासत्व म्हणावं का? बांधणारा एक धनी नव्हता, सगळं गाव होतं, आणि दोर जातीचा होता. माझ्या मते हा स्वतंत्र प्रकार आहे आणि युरोपच्या भूदासापेक्षा सौम्य तर मुळीच नाही.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींचा दोर कर्जाचा होता. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे घेतलेला 'लग्नगडी' नवराबायकोसह धन्याकडे राबे आणि ते कर्ज फिटत नसे. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लग्नगडी आणि वेठ दोन्ही नाकारायचं ठरलं. पुढच्या काही महिन्यांत लग्नगडी मोकळे होऊ लागले, वेठबिगारीला बंदी घालणारं संविधानाचं कलम २३ त्यानंतरचं.

सालगडी किंवा उचल घेतलेला मजूर भूदास ठरतो का?

सालगडी हा करारावरचा मजूर आहे. पाडव्याला तो दुसरीकडे जाऊ शकतो. प्रश्न उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा आहे. उचल फिटली नाही म्हणून त्याला जाऊ दिलं नाही, बायकामुलांना अडकवून ठेवलं, मजुरी ठरलेल्या दरापेक्षा खाली पाडली, तर प्रकरण थेट १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात येतं. त्या कायद्यानुसार असं कर्ज फेडावंच लागत नाही, ते रद्दच होतं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करायची असते. ऊसतोडीच्या टोळ्यांतही हाच मुद्दा दरवर्षी निघतो.

युरोपातल्या भूदासप्रथेचा शेवटचा कायदेशीर अवशेष कुठला?

इंग्लंडमध्ये भूदासांच्या वाट्याच्या जमिनी पुढे 'दप्तराच्या नकलेवरच्या' जमिनी झाल्या: धन्याच्या कचेरीतल्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा पुरावा. माणसं केव्हाच मोकळी झाली होती, पण जमिनीवरचे नजराणे टिकले. काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकातही खातेदार वारला की चांगलं जनावर किंवा त्याची किंमत मागितली जाई. १९२२ च्या कायद्यानं हा जमिनीचा प्रकार रद्द केला आणि तो अमलात आला १ जानेवारी १९२६ ला.